दोघींचं जातं: एका किशोर-कादंबरीची दुरुस्ती

हस्तलिखित ७८,००० शब्दांचं, ४१ प्रकरणांचं. वाचक १३ ते १८ वयाचे. काळ १९२१, जागा मुळशीचं खोरं. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटांचं धरण होऊ घातलेलं आणि सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झालेला. या पार्श्वभूमीवर जाई आणि ठकू या दोन मुली. जाईच्या आजीकडे ओव्यांची जादू आहे, ती जाईकडे येते आणि त्या जोरावर दोघी गाव वाचवायला निघतात.

हे हस्तलिखित कुणा एकाचं नाही. मैत्री आणि जादू यांवरच्या मराठी किशोर-लेखनात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एका कथेत बसवून ते अभ्यासासाठी रचलं आहे; पुढे येणारा "लेखक"ही तसाच मानलेला आहे. मुळशीचा इतिहास मात्र खरा आहे. दुरुस्तीतली निम्मी मदत त्यानेच केली.

पहिल्या वाचनात फक्त मोजणी केली. अभिप्राय लिहिण्याआधी ती करावीच, कारण "मैत्री नीट उतरली नाही" या वाक्यावर लेखकाला काहीच करता येत नाही. मोजदादीवर येतं. प्रत्येक प्रकरणासाठी वहीत तीन रकाने आखले: जादू घडते का, ठकू हजर आहे का, आणि ठकू काढून टाकली तर प्रकरण बदलतं का. जादूचे प्रसंग २३ निघाले. त्यातल्या ९ प्रसंगांत ठकू हजर होती आणि तिच्यावाचून अडलं असतं असे प्रसंग फक्त २. सगळ्या ४१ प्रकरणांना हीच कसोटी लावली तर ३४ प्रकरणांतून ठकू उचलून बाजूला ठेवता येत होती. कथानकाला ओरखडाही पडत नव्हता. मलपृष्ठावर "दोन मैत्रिणींची कथा" असं छापायचं ठरलेल्या पुस्तकात दुसरी मैत्रीण सामान वाहण्यापुरती होती.

चूक कुठून शिरली तेही मोजणीतच दिसलं. जाई डोळे मिटते, ओवी म्हणते आणि हवं ते घडतं. हाड सांधतं, दार उघडतं, माणूस दिसेनासा होतो, पाणी थांबतं. जादूला एकटी जाई पुरते, म्हणून ठकू फाजील ठरते. मैत्रीचे प्रसंग वाढवून हे सुटत नाही. पहिल्या खर्ड्यात तसे प्रसंग भरपूर होते: करवंदं खाणं, डोहात पोहणं, एकमेकींच्या वेण्या घालणं. ते गोड होते, पण कथा त्यांच्या बाजूने निघून जात होती. दुरुस्ती जादूच्या नियमात करायला हवी होती.

आणि जादूला छत नव्हतं. नवव्या प्रकरणात जाई ओढ्याचं पाणी थांबवते. त्या क्षणी चौदा वर्षांचा कुठलाही वाचक विचारणार, मग धरणाची भिंत का नाही पाडत? पुढची ३२ प्रकरणं या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. खऱ्या इतिहासावर उभ्या असलेल्या फँटसीत ही अडचण हमखास येते. धरण झालं, हे वाचकाला माहीत आहे. म्हणून जादूची ताकद इतिहासातल्या त्या घटनेपेक्षा कमी असली पाहिजे, आणि ती का कमी आहे हे पहिल्या पंधरा टक्के पानांत कळलं पाहिजे. उशिरा सांगितलेली मर्यादा लेखकाची पळवाट वाटते.

नवा नियम शोधताना बाहेर जायची गरज पडली नाही. जातं कथेत होतंच, शोभेच्या वस्तूसारखं. पहाटेचं दळण, समोरासमोर बसलेल्या दोन बायका, एकाच खुंट्यावर दोघींचे हात आणि एकीने सुरू केलेली ओवी दुसरीने उचलणं: जात्यावरची ओवी मुळात जोडीची गोष्ट आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ मुळशी-मावळातल्या आहेत आणि कित्येकींचं ध्वनिमुद्रणही झालेलं आहे. लेखकाने त्यातल्या निदान पन्नास कानांनी ऐकाव्यात, छापील वाचून भागत नाही. ओळ कुठे ओढली जाते, दगडाच्या फेऱ्याबरोबर श्वास कुठे तुटतो, ते कागदावर दिसत नाही. सखी, गडणी, मैत्रीण हा तर या ओव्यांचा हक्काचा विषय. सासरी गेल्यावर मागे राहिलेल्या मैत्रिणीची आठवण आईच्या आठवणीइतकीच तिथे भेटते.

त्यावरून असे नियम बसवले. जादू फक्त जात्यावर घडते आणि खुंट्यावर दोघींचे हात असतील तरच. आजीने जाईला नऊ ओव्यांच्या फक्त पहिल्या ओळी दिल्या आहेत. दुसरी ओळ समोर बसलेलीने तिथल्या तिथे रचायची, यमक जुळवून. काय घडणार ते दुसरी ओळ ठरवते. वापरलेली पहिली ओळ दोघींच्याही आठवणीतून पुसली जाते. जादूचा टापू म्हणजे जात्याची घरघर ऐकू येईल तेवढाच. आणि परिणाम टिकतो तो त्या दळणाचं पीठ संपेपर्यंत.

शेवटचा नियम सगळ्यांत जास्त कामाचा निघाला. शेरभर नाचणीचं पीठ चार माणसांच्या घरात जेमतेम दोन वेळ पुरतं. जादू लांबवायची तर पीठ राखायचं, म्हणजे उपाशी राहायचं. न खाता ठेवलं तर मुळशीच्या पावसात ते कुबट होतं, जाळी धरतं आणि त्याबरोबर जादूही नासत जाते. ठकूच्या घरी शेरभर नाचणी म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. जादूची किंमत लेखक सहसा रक्त, आयुष्य, ताप अशा रूपात लावतात. भाकरीच्या रूपात लावलेली किंमत वाचकाला पोटात कळते.

नाचणी हीसुद्धा दुरुस्तीच. पहिल्या खर्ड्यात मुली ज्वारी दळत होत्या. मुळशी हा धो धो पावसाचा, घाटमाथ्यालगतचा मुलूख. तिथे भात, नाचणी, वरई. ज्वारी देशावरची. अशी एक चूक सापडली की जाणता वाचक पुढच्या प्रत्येक पानाकडे संशयाने बघतो, आणि फँटसीत तर मातीचे तपशील पक्के असल्याशिवाय जादूवर कोणी विश्वास ठेवत नाही. मापंही तपासावी लागली. एका जागी "पाच शेरांची पायली" असं आलं होतं. पायली चार शेरांची.

साती आसरांचंही तसंच. डोहातल्या सात देवता पहिल्या खर्ड्यात पंख असलेल्या चमचमत्या पऱ्या झाल्या होत्या. आसरा हा शब्द अप्सरेवरून आलेला असला तरी गावाच्या मनातली आसरा ही गोड परी नाही. काठावर शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्यांची हिरव्या बांगड्या आणि खणाने ओटी भरतात, बऱ्याच ठिकाणी जवळच भाऊ म्हणून म्हसोबा असतो, आणि अवेळी डोहावर गेलेल्या पोरीला आसरा लागतात अशी धास्ती असते. पंख काढले, शेंदूर ठेवला. मग एक प्रश्न आपोआप उभा राहिला: डोहच धरणाच्या पोटात गेला तर आसरा जाणार कुठे? त्यावर दोन चांगली प्रकरणं निघाली.

वय आणि जात

ही दोन ठिकाणं पहिल्या खर्ड्यात सरळ खोटी होती.

जाई पंधरा वर्षांची, अविवाहित, दिवसभर रानात हिंडणारी. १९२१ मध्ये मुळशीतल्या शेतकऱ्याची पंधरा वर्षांची मुलगी बहुधा सासरी नांदत असणार. मुलींच्या लग्नाचं किमान वय चौदा करणारा शारदा कायदा १९२९ चा. लेखकाला आजची मुलगी हवी होती आणि कपडे तेवढे जुने हवे होते. दुरुस्तीत जाई चौदाची झाली: लग्न झालेलं, नांदायला पाठवणी दिवाळीनंतर. ठकूचंही लग्न लहानपणीच उरकलेलं, नवरा मुंबईला गोदीत. यामुळे कथेला एक घड्याळ मिळालं. पाणी चढायच्या आधी आणि पाठवणीच्या आधी. दोन्ही तारखा दोघींना माहीत आहेत आणि दोन्ही त्यांच्या हातात नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. ठकू महारवाड्यातली. तिसऱ्याच पानावर वाक्य होतं, "जाई जातपात मानत नव्हती." एवढ्यावर विषय मिटला आणि दोघी जाईच्या ओसरीवर दळायला बसल्या. त्या गावात, त्या साली हे घडलं नसतं, आणि घडलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता. लेखकाने हे प्रेमापोटी लिहिलं, यात शंका नाही. पण त्यामुळे ठकूच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट एका वाक्यात पुसली गेली, आणि जाईलाही बदलायला जागा उरली नाही. जी पान तीनवर शहाणी आहे ती पान तीनशेवर कुठे पोचणार?

मग जातं कुठे ठेवायचं? उत्तर धरणानेच दिलं. गावं उठू लागली होती. एखादं घर आधीच रिकामं झालेलं, छप्पर अर्धं उतरवून नेलेलं आणि जड म्हणून जातं मागे राहिलेलं. त्या घरात कोणाचा उंबरा नाही, कोणाची चूल नाही. दोघींना एकत्र बसता येईल अशी गावातली ती एकच जागा, आणि तीही गाव मोडतंय म्हणून मिळालेली.

पिठाचा नियम इथे दुसऱ्यांदा कामाला आला. जादू टिकते पीठ असेपर्यंत, पण ठकूचा हात लागलेलं पीठ जाईच्या घरात कोण खाणार? खर्ड्यात सत्ताविसाव्या प्रकरणात दोघींचं भांडण होतं ते अर्धवट ऐकलेल्या बोलण्यावरून, गोपाळ नावाच्या मुलापायी, आणि दोन पानांत मिटतं. ऐकण्यातल्या चुकीवर उभं केलेलं भांडण किशोर वाचकाला लगेच कळतं आणि तो वैतागतो, कारण कोणीतरी एक वाक्य बोललं की ते संपणार असतं. गोपाळ पूर्ण काढला. त्याच्याबरोबर ९,००० शब्द गेले आणि कोणाला त्याची उणीव भासली नाही.

नव्या भांडणाचं कारण असं. जाई ते पीठ चोरून घरच्या मडक्यात मिसळते. आई भाकऱ्या थापते, सगळे जेवतात, जादू चालू राहते. जाईला वाटतं आपण मोठं धाडस केलं. ती ते ठकूला फुशारकीने सांगते. ठकू म्हणते, "माझ्या हातचं हाय म्हून सांगून दिलं अस्तंस नि तिनं टाकून दिलं अस्तं, तरी चाललं अस्तं. तू मला पिठात लपवलंस." इथे गैरसमज नाही. दोघींना एकमेकींचं म्हणणं नीट कळलेलं आहे. म्हणून हे भांडण सहा प्रकरणं चालतं, आणि त्या काळात जादू बंद, कारण दुसरा हात नाही. कथानक आणि मैत्री एकाच खिळ्यावर टांगली की एक हलली की दुसरी हलतेच.

या दुराव्यात मोबदल्याचा ताणही भरला. मोबदला मिळणार तो ज्याच्या नावावर जमीन त्याला. जाईचा बाप सही करावी की नाही यात अडकलेला, ठकूच्या घरी तो प्रश्नच नाही. धरणाच्या पाण्याखाली दोघींचीही घरं जाणार, पण सारखी नाही.

एक सावधगिरी. ठकूला १९२१ मध्ये १९२७ ची भाषा बोलायला लावू नये. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह अजून सहा वर्षं पुढे आहे. खर्ड्यात ती "समान हक्क" असं म्हणत होती. तिचा राग तिच्याच शब्दांत, पिठात लपवण्याच्या शब्दांत आला तेव्हा जास्त लागला.

खर्डा पूर्णपणे जाईच्या "मी"मध्ये होता. ठकू कायम बाहेरून दिसायची: हसरी, धीट, निष्ठावान. दुरुस्तीत ३३ प्रकरणं उरली, १७ जाईची आणि १६ ठकूची. ठकूच्या पहिल्या तीन प्रकरणांत जाईचं नावही येऊ नये, अशी अट घातली. ही अट कडक वाटते, पण तिच्याशिवाय लेखक ठकूला स्वतःचा दिवस देत नाही, तिचा दिवस जाईची वाट बघण्यात जातो. शेण गोळा करणं, बापाबरोबर गावकीचा निरोप पोचवायला जाणं, मुंबईहून न आलेली मनीऑर्डर: या तीन प्रकरणांनंतर ती जात्याजवळ येते तेव्हा वाचक तिला जाईपेक्षा जास्त ओळखतो. ही प्रकरणं त्या समाजातून आलेल्या वाचकांकडून तपासून घ्यायची तर आराखड्यावरच घ्यावीत. पुस्तक लिहून झाल्यावर विचारलं की हाती फक्त शब्द बदलणं उरतं.

चोविसावं प्रकरण

दुरुस्ती वाक्यापर्यंत उतरली की नाही ते असं बघता येतं. पहिला खर्डा:

"जाईने डोळे मिटले. तिच्या अंगातून निळसर प्रकाश बाहेर पडू लागला. 'थांब!' ती ओरडली आणि नदीचं पाणी जागच्या जागी थांबलं. ठकू आश्चर्याने पाहतच राहिली."

प्रकाश कुठला, पाणी का ऐकतं, ठकूचं काय काम, कशालाच उत्तर नाही. "पाहतच राहिली" हे वाक्य या हस्तलिखितात अकरा वेळा होतं आणि प्रत्येक वेळी ठकूसाठीच. दुरुस्त खर्डा:

"जात्याची पाळी जड फिरत होती. ओलसर हवेने नाचणी दबत होती. जाईने एक मूठ वैरण घातली नि ओळ म्हटली, 'दळण सरलं, सुपात उरलं पसाभर.' मग थांबली. जातं फिरत राहिलं. एक फेरा. दुसरा.
'म्हण की.'
'म्हन्ते. पर तुला पायजे ते न्हाई म्हनायची.'
तिसऱ्या फेऱ्याला ठकूने ओळ उचलली. 'गडणीच्या गावा, पाणी चढं घरभर.'
बाहेर भुंकणारं कुत्रं गप्प झालं. उंबऱ्याखालून पाण्याची बारीक रेघ आत आली आणि जात्याला वळसा घालून भिंतीला लागली."

जाईला हवी होती पाणी अडवणारी ओळ. ठकूने पाणी आणलं. जात्याची घरघर पोचते तेवढ्या घरांत, ते पीठ संपेपर्यंत, पाणी उद्या कुठवर चढणार ते आज दिसू लागतं. भिंतीवर, देव्हाऱ्यावर, कणगीवर. धरण थांबत नाही. पण ज्यांना "एवढं काही चढत नाही" असं वाटत होतं ते देव, बियाणं आणि म्हातारी माणसं आधी हलवतात. जादू इतिहासाच्या खाली राहिली आणि तरी तिने काम केलं. ठकू आता बघत राहणारी नाही, निर्णय तिचा आहे आणि तो जाईच्या मनाविरुद्ध आहे. दुसरी ओळ काय येईल हे पहिलीला माहीत नसणं, एवढ्या एका नियमातून हा प्रसंग निघाला.

ओव्या रचताना एक चूक टाळावी. कवितेसारखी घोटीव ओळ जात्यावर बसत नाही. खर्ड्यातल्या ओव्यांत "अंतरीचे गूढ तेज" असे शब्द होते. ओवीत सूप, पाटी, अंगण, चोळी, पाणी अशा हाताला लागणाऱ्या वस्तू येतात आणि दुःख त्यांच्याआडून कळतं. यमक आणि शब्द दोन्ही बोलीतले हवेत. म्हणून "चढे" न लिहिता "चढं".

जादूचे २३ प्रसंग होते, आता ७ उरले. नऊ पहिल्या ओळींपैकी सात वापरल्या, एक भांडणाच्या वेळी जाई एकटी म्हणून वाया घालवते, एक शेवटी शिल्लक राहते. ही मोजणी कुठेही चुकता कामा नये, किशोर वाचक बोटांवर मोजतात. एकूण शब्द ७८,००० वरून ६१,००० वर आले.

शेवट लेखकाचाच होता आणि तो ठेवला. पाणी चढायच्या आदल्या पहाटे दोघी जातं सोडवतात. वरची पाळी ठकू नेते, खालची तळी जाई सासरी नेते. एक ओळ शिल्लक आहे, पण दोन्ही दगड एकत्र आल्याशिवाय ती म्हणता येणार नाही. फक्त वजन कोणी केलं नव्हतं. घरचं मोठं जातं, ४० सेंमी व्यासाचं, पाळी ८ सेंमी जाड. बेसाल्टचं वजन घनसेंटिमीटरला साधारण २.९ ग्रॅम. म्हणजे एक दगड २९ किलोच्या आसपास. तो डोक्यावर घेऊन पावसात पाच कोस चालणारी तेरा-चौदा वर्षांची मुलगी पटत नाही. बैलगाडी द्यावी तर प्रसंग गावासमोर येतो. म्हणून पहिल्याच प्रकरणात जातं बदललं: ३० सेंमी व्यास, ६ सेंमी जाडी, भरड्याचं लहान जातं. दगड बाराएक किलोचा झाला. चुंबळ करून डोक्यावर घेता येतो.

त्या बदलाचा धक्का पुढे लागत गेला. लहान जात्याचा खुंटा आखूड, त्यावर दोन हात अंतर ठेवून मावत नाहीत. सहाव्या प्रकरणात "ठकूचा हात दोन बोटं लांब होता" असं वाक्य होतं, ते आता शक्य नव्हतं. नव्या वाक्यात जाई लुगड्याचा पदर हातावर गुंडाळून खुंटा धरते, ठकूचा हात लागू नये म्हणून. ठकू ते बघते, बोलत नाही आणि दळू लागते. पदर पीठाने पांढरा होतो. चोविसाव्या प्रकरणात पदराचा उल्लेखच नाही. तो कुठल्या पहाटे सुटला हे लेखकाने कुठेही लिहू नये, असं समासात नोंदवून हस्तलिखित परत पाठवलं.